नवतप्यात अँबेसेडर अडते, पाइप कोणता टाकू?

प्रश्न : वडिलांची १९७८ची पेट्रोल अँबेसेडर आहे. सकाळी ठणठणीत चालते. मे महिन्यात दुपारी यवतमाळला जाताना वाटेत चहाला थांबलो की परत सुरूच होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप होते. मिस्त्री म्हणतात, सगळे पाइप सिलिकॉनचे टाका आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून फेका. टाकू का? – एक वाचक, दारव्हा

उत्तर : भाऊ, सिलिकॉन पाण्याच्या पाइपांना उत्तम, पण पेट्रोलला कदापि नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, झिरपतं. तापलेल्या इंजिनाशेजारी ते आगीला आमंत्रणच.

गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाच्या ब्लॉकची सगळी धग वर चढते. तुमच्या १४८९ सीसी इंजिनात सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारा तापलेला नळ) आणि पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर एकाच बाजूला, पेट्रोल पंप ब्लॉकलाच बोल्ट केलेला. बाहेर ४५ अंश असताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि हा पंप वाफ ओढू शकत नाही. पुढच्या वेळी अडली तर पंपावर ओलं फडकं ठेवा. थोड्या वेळात सुरू झाली तर दुखणं हेच. नाही झाली तर प्लगला ठिणगी येते का बघा. येत नसेल तर ठिणगीला वीज देणारी, तापलेली कॉइल तपासा.

पेट्रोलचा जुना रबरी पाइप काढून बोटांत दुमडा. दुमडीवर केसासारख्या भेगा दिसल्या किंवा बोटाला काळं चिकटलं, तर तो गेला. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. नवा पाइप आतून व्हायटॉन या खास रबराचा घ्या. अंगावर ‘जे ३० आर ९’ असा छाप असतो. तो उष्णताही सोसतो, इथेनॉलही. पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, इथेनॉलला टिकणाराच मागा, नाहीतर पाइप नवा आणि पंप गळका. कार्ब्युरेटरखालचा, धग अडवणारा बॅकेलाइटचा (कडक प्लास्टिकचा) जाड ब्लॉक मात्र जरूर बघा. तडकला असेल किंवा कुणी काढून नुसती कागदी पॅकिंग लावली असेल, तर मॅनिफोल्डची धग थेट वर जाते. अँबेसेडर २०१४ साली बंद झाली, तरी हा ब्लॉक जुन्या पार्टवाल्यांकडे शोधा. स्वस्त पण फार मोलाचा आहे.

पाण्याच्या पाइपांना ईपीडीएम नावाचं रबर पुरेसं. रेडिएटरचं टोपण जुन्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाच्या टोपणाने पाणी उशिरा उकळतं खरं, पण जुन्या रेडिएटरचे डाग दिलेले सांधे उकलतात.

थर्मोस्टॅट काढू नका. इंजिन तापल्यावर तो तसाही पूर्ण उघडा असतो, म्हणून काढून उन्हाळ्यात काही मिळत नाही. उलट सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि सिलिंडर झिजतात. संशय असेल तर पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात सोडा. उघडला तर परत बसवा, नाही उघडला तर ८२ अंशांचा नवा आणा.