मोर्च्यावरून आलेले पत्र मृत्युपत्र ठरते का?

प्रश्न : माझे थोरले बंधू पायदळात शिपाई होते, 1999 च्या कारगिल युद्धात त्यांना वीरमरण आले. मोर्च्यावरून त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या शेवटच्या पत्रात ‘शेतातला माझा हिस्सा धाकट्याला द्यावा’ असे आहे. आईवडील आता हयात नाहीत. नुकतीच वहिनी व पुतणी यांनी सातबाऱ्यावर आपली नावे लावून घेतली. युद्धातील सैनिकाच्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, हे खरे ना?

उत्तर : ही सवलत खरी आहे, परंतु आपल्या बंधूंना ती लागू पडत नाही, आणि सगळे प्रकरण येथेच ठरते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 65 व 66 नुसार प्रत्यक्ष युद्धात गुंतलेल्या सैनिकाने स्वहस्ते लिहिलेले मृत्युपत्र सही वा साक्षीदारांवाचूनही ग्राह्य धरले जाते. मात्र हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या मृत्युपत्रांना या कायद्याची कोणती कलमे लागू होतात, हे कलम 57 आणि तिसऱ्या अनुसूचीने ठरवले आहे, आणि त्या यादीत 65 व 66 नाहीत. ज्या मराठी मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या जवान गेले, तेथील बहुसंख्य जवानांना ही सवलतच नसावी, याची मला मनापासून खंत वाटते. सर्वसाधारण मृत्युपत्राची रीत सांगणाऱ्या कलम 63 च्या आरंभी युद्धरत सैनिकाला वगळणारे शब्द आहेत. त्यांवर युक्तिवाद होऊ शकेल, पण केवळ त्या भरवशावर दावा लावू नये.

पत्रावर इतर दोघा जवानांच्या सह्या आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. असल्यास कलम 63 ची अट पूर्ण होऊ शकते, पण त्यासाठी त्यांच्यापैकी किमान एकाने न्यायालयात साक्ष द्यावी लागेल. एवढी वर्षे पत्र पेटीत ठेवून आपण त्यांचा पत्ताही विचारला नाही, हे मला समजत नाही.

मृत्युपत्र टिकले नाही, तर भाऊ म्हणून थेट काही मिळणार नाही, कारण पत्नी, मुलगी व आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मात्र आई बंधूंच्या पश्चात वारल्या असतील, तर त्यांना आलेल्या हिश्श्यात आपणही पुतणीबरोबर वारस आहात. हा हिस्सा किती, हे जमीन वडिलोपार्जित आहे की बंधूंनी स्वतः घेतलेली, यावर अवलंबून आहे. कागद पाहिल्याशिवाय आकडा सांगणे योग्य नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, तरी हरकत तातडीने नोंदवा, कारण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचे कळल्यापासून वाटणीच्या दाव्याची 12 वर्षांची मुदत चालू होते. वहिनींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा विषय काढू नका. ते मृताच्या मिळकतीचा भाग नसते आणि मृत्युपत्राने कोणाला देताही येत नाही.

मूळ पत्र लॅमिनेट करू नका, त्यावर काही लिहू नका, आणि पाकिटावरील टपाल शिक्का जपून ठेवा.