पाच फुटी जुनी टाकी: सिलिकॉनच्या आधी स्टँड बघा

दादा, तुमचा प्रश्न असा: सांगलीच्या गावभागातल्या एका गृहस्थांकडून ५ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच, १२ मिमी काचेची माशांची टाकी घेतली. सोबत त्यांनी घरीच करून घेतलेला लोखंडी स्टँड मिळाला. टाकी दोन वर्षं गच्चीवर कोरडी पडून होती. पुढच्या उजव्या कोपऱ्यातलं सिलिकॉन काळं पडून सुटायला लागलंय. तेवढ्यावर सिलिकॉनचा एक हात मारून विश्रामबागेतल्या पहिल्या मजल्याच्या हॉलमध्ये भरली तर चालेल का? आणि जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की वरची मधली आडपट्टी निघालीय, 'पण ती झाकण टेकवायलाच असते ना'.

ना हात मारून चालेल, ना पट्टीशिवाय. पण मला खरी काळजी या दोन्हींची नाही, स्टँडची आहे.

आधी वजन बघा. काठोकाठ पाणी ४२५ लिटर, म्हणजे ४२५ किलो. १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे नुसती टाकी नव्वदच्या पुढे. वाळू-दगड चाळीसेक किलो, स्टँड वेगळा. सगळं मिळून ६०० किलो धरा. तुम्ही सांगितलेला वरचा फ्रेम ४०×४०×५ मिमीचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) आहे, आणि पाय चारच, कोपऱ्यांना. समोरच्या ५ फुटी अँगलवर पावणेतीनशे किलो येणार. मधे आधार नसेल तर माझ्या हिशेबाने तो मधोमध सेंटीमीटरभर लवतो. आता गंमत अशी की अँगल लवला तरी काच लवत नाही. ती दोन टोकांवर टेकून राहते आणि खालचा अँगल तिला सोडून जातो. म्हणजे वजन लोखंडाने धरायचं, ते काच आणि तिचा सांधा धरतो. जुन्या टाक्या भरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी 'आपोआप' का तडकतात, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही.

उपाय स्वस्त आहे. फॅब्रिकेटरकडून मधे पुढे-मागे दोन पाय आणि एक आडवा अँगल लावून घ्या. दोन पायांमधलं अंतर निम्मं झालं की लवण सोळाव्या हिश्शावर येते. तिथेच मागच्या बाजूला एक तिरपी पट्टीही मारून घ्या. चौकोनी स्टँडला तिरका आधार नसेल तर तो बाजूला कलंडतो. उभं वजन पेलणारे पाय आडव्या धक्क्याला उभे राहतीलच असं नाही. रिकाम्या स्टँडला एका कोपऱ्यातून हलवून बघा, हाताला लगेच कळेल.

गावभाग पुराच्या पट्ट्यातला, म्हणून दुसरी शंका. हा स्टँड २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभा होता का, हे त्या गृहस्थांना सरळ विचारा. पाय बॉक्स पाईपचे असतील तर पुराचं पाणी आणि गाळ आत जाऊन बसतो. बाहेरून रंग चकाचक असतो आणि आतून पाईप पापडासारखा झालेला. खालच्या वीतभर भागावर हातोडीने टकटक करा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक रुतलं, तर तो पाय कापून नवीन लावायचा, रेड ऑक्साइड फासून भागत नाही.

मग सपाटी. वेल्डिंगने फ्रेम ओढला जातो, हे घरगुती स्टँडचं जुनं दुखणं. फ्रेमवर कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन सुतळ्या फुलीसारख्या ताणून बांधा. मधे त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. फट राहिली किंवा एक दुसरीला दाबत असेल तर फ्रेममध्ये पीळ आहे. वेल्डचे उंचवटे ग्राइंडरने घासून घ्या, विशेषतः अँगलची कड वर केलेली असेल तर आतल्या कोपऱ्यातले. त्या वेल्डच्या गाठीवर टाकीचा कोपरा बसला की झालं. वर १८ मिमी मरीन प्लाय, त्यावर अर्धा इंच थर्माकोल. थर्माकोल वाळूचा खडा, खिळ्याचं डोकं गिळतो. पीळ गिळत नाही. स्टँड लेव्हलला आणायला गवंड्याची पाण्याची नळी सगळ्यात खरी. पाचरी घालायच्या त्या स्टँडच्या पायाखाली, टाकीखाली कधीच नाही.

आता काच. कडांना टवका किंवा बारीक तडा असेल तर नखाने तपासा. सांध्यामधे, म्हणजे दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनमधे, चंदेरी डाग किंवा बुडबुड्याची वाट आत शिरलेली दिसली तर टाकी सुटी करून नव्याने जोडावी लागेल. समोरची एकटी काच २८ किलोची, चार माणसं लागतात. तिथे मी तरी टाकी परत करून पैसे मागेन.

पण मधला सांधा स्वच्छ, एकसंध असेल आणि फक्त आतल्या कोपऱ्यातली सिलिकॉनची पट्टी खराब असेल, तर काम घरी होतं. फक्त खराब तेवढं कापून वर नवीन भरायचं नाही. वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या चार फुटी टाकीला मी असंच ठिगळ लावलं होतं. अकरा दिवस गुमान राहिली, बाराव्या रात्री दोनला हॉलमध्ये चपला तरंगत होत्या आणि खालच्या मजल्यावरचे काका टॉर्च घेऊन दारात.

तर आतली सगळी पट्टी, चारही उभे कोपरे आणि तळाची चौकट, धारदार ब्लेडने काढायची. ब्लेड काचेला टेकून, चपटं. मधल्या सांध्यात घालायचं नाही. चिकट राहिलेला थर काचेवर बोट फिरवलं की कळतो. तो गेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग तिथे हात लावू नका. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप मारा. सिलिकॉन घेताना डब्यावरचं नीट वाचा. बाथरूमचं, बुरशीरोधक औषध घातलेलं सिलिकॉन माशांना विष आहे. काचेला चालणारं, व्हिनेगरचा वास येणारं, औषध नसलेलं घ्या, आणि तारीख गेलेली नळी दुकानदाराला तिथल्या तिथे परत. दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, त्यामुळे एक कोपरा भरायचा, बोटाने एका दमात ओढायचा, टेप ओलं असतानाच काढायचं, मग पुढचा. आडपट्टी याच फेरीत चिकटवा. ती झाकणासाठी नाही, समोरची आणि मागची काच बाहेर फुगू नये म्हणून आहे. नंतर आठ दिवस टाकीला विसरा. वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी नाही.

काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी आणि कापड पुरतं.

चाचणी हॉलमध्ये नाही, खाली अंगणात, त्याच स्टँडवर घ्या. सावलीत. तळाशी चारही कडांना वर्तमानपत्र खुपसून ठेवा, एक थेंबही त्यावर लपत नाही. पाणी टप्प्याटप्प्याने भरायचं: पाव, निम्मी, पाऊण, मग काठापासून इंचभर खाली. इथे बहुतेक जण फसतात. निम्मी भरून रात्रभर टिकली की आता काय होतंय असं वाटतं. पण काचेवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. निम्म्या पाण्याला पूर्ण रेट्याच्या फक्त पाव रेटा असतो. पूर्ण भरल्यावर तुमच्या समोरच्या काचेवर अडीचशे किलोच्या वर जोर असतो, निम्मी असताना साठ-सत्तर. म्हणून निम्म्यावर एक दिवस, आणि पूर्ण भरून तीन दिवस. प्रत्येक टप्प्याला समोरच्या काचेवर सुतळी ताणून मधला फुगवटा बघा. एक-दोन मिमी चालेल. रोज वाढत गेला तर रिकामी करा.

पातळी टेपने खुणावा आणि शेजारी तेवढ्याच उन्हावाऱ्यात पाण्याची एक बादली ठेवून तिच्यातही खूण करा. सांगलीच्या एप्रिलमध्ये पाणी नुसतं उडून जातं, आणि माणूस उगाच गळती शोधत बसतो. दोन्हीकडे सारखेच मिलिमीटर उतरले तर ते ऊन. टाकीत जास्त उतरलं तर ती गळती, वर्तमानपत्र कोरडं असलं तरी.

हे सगळं पास झालं तरी वर नेण्याआधी एकदा बिल्डिंगच्या इंजिनियरला विचारा. घरांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो सरसकट भार धरून काढतात. तुमची टाकी पाऊण चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत ६०० किलो टेकवणार. याचा अर्थ स्लॅब कोसळेल असा नाही, पण खोलीच्या मधे नको. बीमला लागून, भिंतीकडेला ठेवा. फरशी ठोकून पोकळ वाजते का बघा, आणि प्रत्येक पायाखाली चार इंची लोखंडी पत्रा द्या.

मासे कोणते टाकायचे ते महिनाभराने विचारा, टाकी तेव्हा फिल्टरसकट मुरलेली, म्हणजे पाणी माशांना मानवेल असं झालेलं असेल. गवंडी नळी आणि उपसायचा पंप माझ्याकडे आहे, कुपवाडहून येऊन न्या. काच उचलायला चौथा माणूस कमी पडला तर रविवारी सांगा, शनिवारी मला जमत नाही.