वाचकांचे प्रश्न : रचलेले फोटो शेजारी ठेवताना

प्रश्न : जेफ वॉल या कॅनडाच्या छायाचित्रकाराच्या तीन कामांची तुलना करायची आहे. विषय एकमेकांशी जुळतच नाहीत. सुरुवात कुठून करू?
– कलाशाखेची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : विषय बाजूला ठेवा. प्रसंग रचलेला आहे हे वॉल कुठे उघड करतो आणि कुठे झाकतो, ते शोधा.

‘द डिस्ट्रॉइड रूम’ (१९७८) मध्ये फाडलेली गादी आणि विखुरलेले कपडे दिसतात. मांडणीमागे फ्रेंच चित्रकार देलाक्रुआचं १८२७ चं ‘सार्डानापालसचा मृत्यू’ हे चित्र आहे. दारातून पलीकडे बघा, भिंतीला दिलेले टेकू दिसतील. हे कुणाचं घर नाही, सेट आहे, असं तो स्वतःच सांगतो. ‘मिमिक’ (१९८२) याच्या उलट. रस्त्यावरून जाणारा एक गोरा माणूस शेजारच्या आशियाई माणसाला बोटाने डोळा ओढून चिडवतो. वॉलने असा प्रसंग प्रत्यक्ष पाहिला होता, नंतर तो नट घेऊन पुन्हा उभा केला. इथे एकही टेकू दिसत नाही, म्हणूनच तो अपमान आपल्याला जास्त बोचतो.

‘अ सडन गस्ट ऑफ विंड’ (१९९३), म्हणजे वाऱ्याचा अचानक झोत, हे जपानी चित्रकार होकुसाईच्या छापचित्रावरून केलेलं आहे; त्यात माणसाच्या हातातले कागद वाऱ्याने उडताहेत. शंभराहून अधिक फोटोंचे तुकडे संगणकावर जोडून ते एक चित्र झालं. म्हणजे तिथे दिसतो तो क्षण कधी घडलेलाच नाही. होकुसाईकडे मागे फुजी पर्वत स्थिर उभा आहे. वॉलने तो काढून टाकला आणि व्हँकूव्हरबाहेरची सपाट शेतजमीन ठेवली. वाऱ्यासमोर न हलणारं असं काही उरलंच नाही. आमच्या मते तुमच्या निबंधाचा गाभा हाच.

एक काम जरूर करा. ही तिन्ही कामं मागून उजेड टाकलेल्या पेटीत लावलेल्या मोठ्या पारदर्शिका (पारदर्शक फिल्मवरचे फोटो) आहेत. मोबाइलवर तिन्ही सारखीच दिसतात आणि तुलना तिथेच फसते. गच्चीच्या भिंतीवर खडूने याच क्रमाने मापं (उंची × रुंदी) आखा : १५९ × २३४, १९८ × २२८ आणि २२९ × ३७७ सें.मी. शेवटच्या चौकटीसमोर उभं राहिलं की ती सव्वाबारा फूट रुंद आहे हे अंगाला कळतं.

प्रश्न : तसंच वाऱ्याचं चित्र आमच्या शिवारात करायचं आहे. हातातून सातबारे उडताहेत, मागे केळीची बाग. जोडलेले तुकडे वेगळे पडतात.
– छायाचित्र मंडळ, रावेर

उत्तर : कल्पना फार चांगली आहे. तुकडे वेगळे पडतात ते बहुधा तीन कारणांनी.

पहिलं ऊन. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सगळे तुकडे वीस मिनिटांत घ्या. नाहीतर एकाच बांधावर सावल्या दोन दिशांना पडतील. ढगाळ दिवस मिळाला तर घाई नाही. दुसरं, कॅमेऱ्याची स्वयंचलित सोय. ट्रायपॉड हलवू नका. फोकस, एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने लावून तसेच ठेवा. सकाळी नऊच्या उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, एफ (भिंगाच्या छिद्राचा आकडा) ८ आणि शटर १/१००० सेकंद इथून सुरुवात करा. यापेक्षा सावकाश शटरला उडता कागद पुसट होतो.

तिसरं, जोड कुठे घेता. केळीची पानं प्रत्येक फोटोत निराळी हलतात, त्यामुळे पानांवरून जोड नेला की पान मध्येच तुटतं. जोड काळ्या मातीवरून किंवा बांधाच्या कडेने न्या. सर्वांत आधी माणसांविना रिकामं शिवार टिपा. माणूस कापून बसवताना त्याची सावली बरोबर घ्या. सावली सुटली की पाय अधांतरी दिसतात, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते.

कागद शिडीवरून, वाऱ्याच्या बाजूने, पाच-सहाच्या झुपक्यात सोडा. वॉलचं आभाळ ढगाळ आहे म्हणून त्यावर पांढरा कागद उठतो. आपल्याकडच्या फिक्या आभाळात तो विरून जाईल. तेव्हा कागद गर्द बागेसमोर उडवा. उपरण्याचं टोक आणि केळीचा झुकाव एकाच दिशेला हवा. आणि कुणाचा खरा उतारा वापरू नका, कोरे कागद पुरेत.

प्रश्न : आमच्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं (टेबलावर छोट्या वस्तूंचा देखावा मांडून घेतलेली) याच जातीची म्हणावीत का?
– वाचक, चाळीसगाव

उत्तर : रचना दोन्हींत आहे, पण कसोटी वेगळी. वॉल माणसाएवढा प्रसंग माणसाएवढाच दाखवतो. टेबलटॉपमध्ये वीतभर जागा मैलभर वाटावी लागते. म्हणून तिथे आधी धूसरपणा तपासा. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचं-मागचं पटकन पुसट होतं आणि खेळणं उघडं पडतं. करून पाहायचं तर एफ १६ ठेवा, कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि दिवा एकच, पण लांब ठेवा. दोन दिवे लावले की दोन सावल्या पडतात, आणि आभाळात सूर्य एकच असतो. देखाव्यात बर्फ दाखवायचा तर रांगोळी नको, तिचा कण मोठा दिसतो. मैदा बारीक चाळणीने भुरभुरा.