आधी शेपूट मोज

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. समारियम टाकल्यावर सीएसआय-थॅलियमचा, म्हणजे एक्सरे पडला की उजळणाऱ्या थॅलियम मिसळलेल्या सीझियम आयोडाइड क्रिस्टलचा, उजेड घटला म्हणून तू विषयच सोडायला निघालीस, आणि गाईड म्हणतात लाइट यील्ड (एकूण उजेड) वाढेल असं काहीतरी घे, पेपर लवकर निघेल. आधी शेपूट, म्हणजे एक्सरे थांबल्यावरही रेंगाळणारा उजेड, मोज गं माय, मग काय सोडायचं ते सोड.

साधं सीएसआय-थॅलियम एका एमईव्ही ऊर्जेमागे 54,000च्या आसपास फोटॉन देतं, मान्य. पण सीटी स्कॅनमध्ये एक्सरे ट्यूब अर्ध्या सेकंदात फेरी मारते, त्यात वेगवेगळ्या कोनांतले हजारेक व्ह्यू, म्हणजे एका व्ह्यूला मिलिसेकंदही मिळत नाही, आणि हा क्रिस्टल त्यानंतरही मंद उजळत राहतो कारण दोषांत अडकलेले चार्ज सावकाश सुटतात, मग मागच्या व्ह्यूचा उजेड पुढच्यात मिसळतो आणि बारीक गोष्टी पुसल्या जातात. जीओएस (गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड) सिरॅमिक मुख्य उजेडात सीएसआयपेक्षा हळू, 3 मायक्रोसेकंद विरुद्ध 1, तरी सीटीत जीओएस बसलं. शेपूट अगदी आखूड म्हणून! आणि समारियम हेच शेपूट आखूड करतं, हे तुला पाठ आहे, मग घाबरतेस कशाला?

मी जळगावात क्रिस्टल वाढवायला भट्टी लावली तेव्हा सीएसआय भरलेली अँप्युल (बंद नळी) अर्धी खाली उतरलेली असायची आणि लाइट जायची, 621 डिग्रीला वितळणारं ते मीठ नको तिथे गोठायचं, तडा. त्याचं दुःख नाही. शेपूट मोजायला पल्स्ड एक्सरेवर (झटक्याझटक्याने एक्सरे देणाऱ्या यंत्रावर) वेळ मागितला, एका मोठ्या लॅबने दिला नाही, आणि पेपर तपासणाऱ्या रेफ्रीने लिहिलं उजेड कमी आहे. बस, एवढंच लिहिलं! ती सल अजून आहे. लोक हट्टी म्हणतात मला, म्हणू देत, पण उजेड थोडा कमी आणि शेपूट आखूड असा क्रिस्टल मी आजही वाया गेलेला मानत नाही.

लिनियर स्केलवर सगळ्यांचेच ग्राफ देखणे दिसतात, वाय अक्ष लॉगवर टाक आणि एक्सरे बंद झाल्यावर 100 मिलिसेकंदांपर्यंत बघ. तुकडे सगळ्या इन्गॉटच्या (वाढवलेल्या क्रिस्टलच्या कांड्यांच्या) एकाच उंचीवरून काप, थॅलियम शेवटाकडे साचतं, नाहीतर त्याचा परिणाम समारियमच्या नावावर लिहून मोकळी होशील. समारियम अजून कमी करून बघ, उजेड किती परत येतो आणि शेपूट किती वाढतं ते एकाच ग्राफवर काढ. पावसाळ्यात पॉलिश केलेली बाजू धुरकट होते, तुकडे डेसिकेटरमध्येच (दमट हवा न लागणाऱ्या डब्यात) ठेव, आणि गाईडकडे जाशील तेव्हा लॉगवरचा ग्राफ घेऊन जा, नुसता यील्डचा आकडा नको.