दहावा माणूस मी का नाही?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो, शेजारचे काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू आहेत. त्यांचे वडील गेले तेव्हा रोज संध्याकाळी काकांचा फोन चालूच, "प्रार्थनेला आठ झालेत, अजून दोघं पाहिजेत". मी म्हटलं काका मी येतो की, तर म्हणाले ये ना, बस आमच्यात, पण तुला मोजता नाही येणार. खरं सांगू, जरा लागलंच. देवाचं नाव घ्यायला माणसं कशाला मोजायची, एकट्याने घेतलं तर चालत नाही का? – एक वाचक

उत्तर : अहो मनाला लावून घेऊ नका, जुन्या पद्धतीत तर घरच्या काकूंनाही मोजत नाहीत! तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष म्हणजे मिन्यान (रिफॉर्मवाले, म्हणजे सुधारणावादी ज्यू, बायकांनाही मोजतात, आणि मला विचाराल तर बरं करतात). रोजची प्रार्थना एकट्याने चालते की, पण काही गोष्टी दहाशिवाय अडतात, त्यातली एक म्हणजे कद्दीश हे स्तोत्र. आईवडील गेले की मुलगा साधारण अकरा महिने ते म्हणतो, भाषा अरामी, आणि त्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती, मध्ये मध्ये बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आता एकटाच असेल तर आमेन कोण म्हणणार? म्हणजे नियम दिसायला कडक, पण बाप गेलेल्या माणसाला दार लावून एकटं कुढत बसू देत नाही, रोज नऊ जण शोधायलाच लावतो.

पण याचा अर्थ सगळं सिनेगॉगमध्येच (ज्यूंच्या प्रार्थनाघरात), असं नाही हं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचे (शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे घरातली बाई लावते, तिथे मिन्यान लागत नाही. आणि अशा घरातल्या चालीरीतींवरच तर हे लोक कोकणात टिकले! मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं (जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची), त्याआधी कित्येक पिढ्या जे काय होतं ते घरात, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून गावाने नावच ठेवलं शनवार तेली, खतना, ओठांवर शेमा (देव एकच, असं सांगणारी प्रार्थना), आणि योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) दारं लावून दिवसभर उपास, म्हणून त्याचं नाव दारफाळणीचा सण. नाव ऐकूनच कळतं ना, मराठी घरातला सण आहे.

आता काकांची अडचण वेगळीच. १९४८ नंतर बरेचसे लोक इस्रायलला गेले, उरलेत थोडे, तेही लांब लांब विखुरलेले, दहा जमवायचे म्हणजे फोनाफोनी आलीच. तुम्हाला काही करावंसं वाटत असेल तर गाडी काढा आणि लांब राहणाऱ्या एखाद्या आजोबांना आणून सोडा. फक्त शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी नको, तेव्हा ते गाडीत बसणार नाहीत कदाचित, आधी काकांना विचारून घ्या.