जेवताना पक्ष, सकाळी शाळा

पत्र: माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. घरात सासरे एका पक्षाचे, नवरा दुसऱ्या पक्षाचा. रात्री ताटं वाढली की दोघांचं सुरू. गेल्या वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीवरून तर आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. मागच्या आठवड्यात मुलानं वर्गातल्या मित्राला ‘गद्दार’ म्हटलं, कारण तो कबड्डीला दुसऱ्या गटात गेला. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्याला अजून हातच्याची वजाबाकी जमत नाही, हेही तेव्हाच कळलं. घरात राजकारण बोलणं बंदच करायला लावू का? आणखी एक. मुख्याध्यापक म्हणतात, शाळा व्यवस्थापन समितीत या. हे म्हणतात, बायकांनी असल्या राजकारणात पडू नये. सासरे रयतच्या शाळेत शिकलेले, पण तेही गप्प बसले. काय करू?
— एक आई, सातारा जिल्हा

ताई,

खरं सांगू? कबड्डीतला गद्दार वाचून मला आधी हसू आलं. २०२२ पासून हा शब्द आपल्याकडे इतक्या सभांमधून आणि चॅनेलांवरून ऐकू आलाय, की पोरांच्या खेळात तो कधीतरी येणारच होता. तुमच्या मुलाला त्याचा अर्थ कळलेला नाही. ‘मोठी माणसं चिडली की हे म्हणतात’ एवढंच त्यानं उचललंय. मित्राला सॉरी म्हणायला लावा आणि तो विषय तिथेच सोडा.

घरातलं राजकारण मात्र बंद करू नका. बाप आणि आजोबा वेगवेगळ्या पक्षांना मत देतात आणि तरी एका पंगतीला बसतात, हे मुलानं बघायला हवं. आजकाल पुष्कळ घरांत एवढंही उरलेलं नाही. बंद करायची ती शिवी आणि टोपणनावं. हे दोघांना वेगवेगळं गाठून सांगा, मुलासमोर नको. त्याच्यादेखत सांगितलंत तर दोघांनाही माघार घेता येणार नाही. आणि जेवताना टीव्हीवरची चर्चा लावायची नाही. ती माणसं भांडायलाच बोलावलेली असतात.

आता त्या हिंदीच्या भांडणाबद्दल. १६ एप्रिल २०२५ ला शासननिर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागे घेतले. तुमच्या घरानंही ते अडीच महिने लढवले. बाजू कुणाचीही बरोबर असो. पण त्याच सुमारास तुमचा मुलगा पहिली संपवून दुसरीत जात होता, आणि त्याची वही दोघांपैकी कुणी उघडली होती का? मला शंका आहे. तेव्हा वजाबाकी आबांकडे, म्हणजे तुमच्या सासऱ्यांकडे द्या. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. नातवाला हातचा शिकवताना माणसाला दिल्लीवर बोलायची सवड राहत नाही, हा आणखी एक फायदा.

समितीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

मुख्याध्यापक तुमच्यावर उपकार करत नाहीयेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे बायकांशिवाय त्यांची समिती पुरीच होत नाही. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं, ही समितीची कामं कायद्यातच लिहिली आहेत. बैठकीत विचारायला भरपूर आहे. पहिली ते पाचवीच्या पोरांना पोषण आहारात रोज माणशी १०० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे, ते शिजतंय का? मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे का, आणि असलं तर त्याला कुलूप का? प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आहेत का? बाई वर्ग सोडून सारख्या कुठल्या कामाला जातात? जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडल्या, तर शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही, हाही त्याच कायद्यातला नियम आहे.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. पुष्कळ गावांत या समितीचं अध्यक्षपद म्हणजे सरपंचपदाची रंगीत तालीम असते. कुणाच्या गटाचा माणूस, कुणाच्या आळीचा, यावर पालकसभेत आवाज चढतात. म्हणून पहिल्या खेपेला अध्यक्षपदाच्या वाटेला जाऊ नका. साध्या सदस्य व्हा, वर्षभर बघा, मग ठरवा. पण ‘बायकांनी पडू नये’ हे कारण मला पटत नाही. जो माणूस रात्री दहापर्यंत मुख्यमंत्री बदलत बसतो, त्यानं बायकोला पोराच्या शाळेतल्या नळाबद्दल विचारू नको म्हणावं, हे जरा अतिच झालं.

परवानगी मागू नका. ‘बैठक अमुक दिवशी आहे, मी जाणार आहे’ असं सांगा. यजमान चिडले तर त्यांनाच काम द्या. ते कार्यकर्ते आहेत, जिल्हा परिषद सदस्याला ओळखत असतीलच. समितीनं ठराव केला की संरक्षक भिंतीचा नाहीतर दुरुस्तीचा अर्ज पंचायत समितीत नेऊन त्याचा पाठपुरावा करणं त्यांना तुमच्यापेक्षा सोपं जाईल. पक्षाच्या ओळखी तिथे खर्च होऊ देत.

आबा गप्प बसले, याचं मला जास्त वाईट वाटलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. हे ते शाळेत असल्यापासून ऐकत आले असतील. एकदा निवांत वेळ बघून, मुलगा जवळ असताना त्यांना ती गोष्ट सांगायला लावा. आणि त्यांची सांगून झाली की समितीचा विषय काढा. यजमान घरात असतील तर बरंच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. काही शाळांत महिला सदस्य फक्त सहीपुरत्या असतात. बैठक झालेलीच नसते आणि शिपाई रजिस्टर घेऊन दारात उभा राहतो, ‘ताई, इथं सही करा, सर थांबलेत.’ इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. भाषा सरकारी असली तरी मराठीच असते, दहा मिनिटांत वाचून होतं. सर थांबले असतील तर उद्या शाळेत येऊन करते म्हणा, आणि खरंच जा.