गोव्यातल्या बंद घरासाठी स्वतः बसवता येईल अशी सुरक्षा यंत्रणा कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की साखळीजवळचं तुमचं कौलारू घर आई गेल्यापासून बंद आहे, तुम्ही पुण्यात असता, चवथीला (गणपतीला) आणि मे महिन्यात तेवढे येता. भाडेकरू ठेवायचा नाही, वायरमनच्या मागे धावायचं नाही, आणि ऑनलाइन चार कॅमेऱ्यांचा एक संच बघून ठेवलाय तो घ्यावा का, असं विचारलंय. मी फोंड्यात फ्लॅटमध्ये राहतो आणि आमचं मूळ घर पेडण्याच्या बाजूला आहे, तेही असंच बंद. यंत्रणा मी दोनदा बसवली. पहिल्यांदा चुकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मीही कॅमेऱ्यांपासूनच सुरुवात केली. दोन वायफाय कॅमेरे, एक पुढे सोप्यावर, एक मागच्या परसाकडे. चवथ आटोपून निघताना बाबांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच खाली ओढला. परतीच्या पावसात विजा पडतात, घर बंद करताना मेन बंद करायचा ही आमच्याकडची तीस-चाळीस वर्षांची शिस्त. मी समोर उभा होतो आणि माझ्याही लक्षात आलं नाही. फोनवर 'डिव्हाइस ऑफलाइन' दिसायचं, पण ते पावसात रोजच दिसायचं, त्यामुळे मनावर घेतलं नाही. डिसेंबरात गेलो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली, न्हाणीघरातलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण आणि देवघरातल्या दोन समया गायब. कॅमेरे मात्र जागच्या जागी, धूळ खात. ते नेण्याच्याही लायकीचे वाटले नसावेत.

तेव्हापासून मी कुठलंही उपकरण घेताना एकच प्रश्न विचारतो: वीज नाही, इंटरनेट नाही, अशा वेळी हे काय करतं? आपल्याकडे ही दोन्ही एकदमच जातात, कारण इंटरनेटची केबल बहुतेक ठिकाणी विजेच्याच खांबांवरून आलेली असते. माडाचं एक झावळं पडलं की दोन्हींचा निकाल. त्यामुळे राउटरला छोटा यूपीएस लावून काम भागेल असं समजू नका. घरातला राउटर चालू राहतो, बाहेरची केबल तुटलेली असते.

म्हणून माझा सल्ला: चार कॅमेऱ्यांचा संच राहू द्या. आधी सिमकार्ड चालणारं, आत स्वतःची बॅटरी असलेलं अलार्म पॅनेल घ्या, त्याला दारांचे सेन्सर जोडा आणि एक दणदणीत सायरन लावा. कॅमेरा शेवटी, आणि एकच.

पॅनेल म्हणजे साधारण डब्याएवढी पेटी. भिंतीवर दोन स्क्रूंवर टांगायची, अडॅप्टर लावायचा, सिम घालायचं, ॲपमधून किंवा मेसेज पाठवून आपले पाच-सहा नंबर भरायचे. सेन्सरने इशारा दिला की ती आधी सायरन वाजवते आणि मग नंबरांना क्रमाने फोन लावते. यासाठी इंटरनेट लागत नाही. पण घेण्यापूर्वी ते २जी आहे की ४जी, हे नक्की विचारा. स्वस्तातली बरीच पॅनेलं फक्त २जी असतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम मेल्यासारखं पडून राहतं. गावात कुठल्या कंपनीची रेंज घराच्या आत, खिडक्या बंद असताना मिळते, ते आधी फोन घेऊन फिरून बघा. अंगणातली रेंज काही कामाची नाही. आणि त्या सिमचा रिचार्ज! माझ्या चुलतभावाचं पॅनेल उत्तम चालतं, फक्त रिचार्ज संपल्यापासून ते कुणाला फोन करत नाही. वर्षाचा रिचार्ज एकदम मारा आणि तारीख चवथीच्या यादीत लिहून ठेवा, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाच्या वर.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. वीज गेली आणि आली की पॅनेलने मेसेज पाठवला पाहिजे. आतली बॅटरी काही तास टिकते, फार तर दिवसभर. माझ्याकडे 'वीज गेली' आल्यावर संध्याकाळपर्यंत 'वीज आली' नाही आलं तर मी शेजारच्या काकींना फोन करतो. त्या सांगतात, अख्ख्या वाड्यावर नाही की फक्त तुमच्याकडे नाही. यंत्रणेतला हा माझ्या लेखी सगळ्यात उपयोगाचा भाग आहे.

आता सेन्सर, कारण खरं काम इथे आहे. दाराचा सेन्सर म्हणजे एका बाजूला लोहचुंबक आणि दुसऱ्या बाजूला चुंबकाने चालणारा बारीकसा स्विच. दोघं दूर गेले की संदेश जातो. बहुतेकांना एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. नव्या फ्लॅटच्या दाराला हे ठीक. जुन्या घराची फणसाची नाहीतर सागवानी दारं पावसात फुगतात, चौकटीत नीट बसत नाहीत, आणि जुलैत कधीतरी पहाटे तीनला तुमचा फोन वाजतो. जास्त अंतर सहन करणारा सेन्सर मिळतो, तो घ्या, आणि शक्यतो पावसाळ्यातच बसवा, म्हणजे दाराचं सगळ्यात वाईट रूप समोर असतं. दोन फळ्यांच्या दारात सेन्सर एका फळीवर आणि चुंबक दुसऱ्या फळीवर, वरच्या कडीजवळ. सोबत येणारी दोन्ही बाजूंची चिकटपट्टी तर सरळ फेकून द्या. दमट हवेत चुना लावलेल्या भिंतीवर ती एक पाऊस काढत नाही. बारीक स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. सेन्सरच्या आत मुंग्या घर करतात, हेही कुणी सांगत नाही. मी कडेच्या फटी सिलिकॉनने बुजवतो आणि बॅटरीचं झाकण तेवढं मोकळं ठेवतो.

पण कौलारू घरात दारं राखून भागत नाही. चोर चार कौलं सरकवून उतरतो, दाराला हातही लावत नाही. तेव्हा आत, मधल्या खोलीत, एक हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर हवाच. हा उष्णतेतला बदल ओळखतो. माणूस त्याच्या समोरून आडवा गेला तर चटकन कळतं, सरळ त्याच्या दिशेने चालत आला तर उशिरा. म्हणून तो दाराच्या समोर न लावता कोपऱ्यात, साधारण सात फुटांवर असा लावा, की सोप्यातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्याला त्याच्या समोरून ओलांडूनच जावं लागेल. ऊन येणाऱ्या खिडकीकडे त्याचं तोंड नको. मे महिन्यात हवा जवळजवळ अंगाइतकी तापली की त्याची नजर थोडी मंदावते, ते गृहीत धरा. आणि मांजरं! कौलांतून मांजर, उंदीर, वटवाघूळ सगळे ये-जा करतात. 'पाळीव प्राण्यांना वाजत नाही' असं लिहिलेले सेन्सर जमिनीवरच्या प्राण्यासाठी असतात. वाशावरून चालणारं मांजर थेट सेन्सरच्या नाकासमोर येतं, तिथे त्या लिहिण्याला अर्थ नाही. मी पॅनेलमध्ये सोय शोधली: अर्ध्या मिनिटात दोनदा हालचाल दिसली तरच वाजायचं. खोट्या हाका बऱ्याच कमी झाल्या.

पॅनेल आणि सेन्सर एकमेकांशी कसे बोलतात, हेही बघा. आपल्या चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय गिळतात. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारे सेन्सर भिंतीतून बरे पोचतात आणि स्वस्तही असतात, पण त्यातले साधे सेन्सर एकतर्फी बोलतात. सेन्सरची बॅटरी संपली तर पॅनेलला पत्ता लागत नाही, आणि कोड कायम तोच राहत असल्याने जाणकार माणूस तो पकडून, पुन्हा पाठवून पॅनेलला फसवू शकतो. आपल्याकडचे भाण चोरणारे इतके शिकलेले नसतात, पण दोन्ही बाजूंनी बोलणारे, नाडी तपासत राहणारे सेन्सर परवडले तर तेच घ्या. झिगबी या बिनतारी पद्धतीचे सेन्सर छान असतात, त्यात एक मेख आहे: संदेश पुढे पोचवण्याचं काम प्लगमध्ये लावलेली उपकरणं करतात, बॅटरीवरची नाही. वीज गेली की लांबच्या खोलीतला सेन्सर मुका.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून संच मागवायचा विचार असेल (गोव्यात प्रत्येकाचा कुणी ना कुणी बाहेर असतोच), तर नको. तिकडचे झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीचे संच ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपातले ८६८.४२ वर, आणि भारतासाठी ठरलेली वारंवारता ८६५.२ आहे. शिवाय तिकडे महिन्याचे पैसे घेऊन चोवीस तास लक्ष ठेवणारी केंद्रं असतात, अलार्म वाजला की ती पोलिसांना कळवतात. आपल्याकडे सायरन वाजल्यावर धावत येणार शेजारी, आणि ११२ वर फोन करणार तुम्ही किंवा तेच.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. तो घराच्या आत, पुढच्या दाराकडे तोंड करून लावा. बाहेरच्या कॅमेऱ्याच्या रात्रीच्या अदृश्य प्रकाशाकडे किडे येतात, किड्यांमागे पाली आणि कोळी, आणि मग रात्रभर जाळ्याची हालचाल 'माणूस' म्हणून तुमच्या फोनवर. बाहेर लावायचाच असेल तर आयपी ६६ (धूळ-पाणी आत न शिरणारा) तरी असावा आणि प्रकाशाचा दिवा वेगळा, चार हात लांब. १०८० पिक्सेलचं चित्रण सतत केलं तर दोन एमबीपीएसने दिवसाला साधारण २१ जीबी भरतं, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत फिरून पहिल्यावर येतं. फक्त हालचालीचं चित्रण ठेवा. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असे पासवर्ड न बदललेले कॅमेरे जगभरातून गोळा करून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. केंद्र सरकारने सीसीटीव्हीच्या सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट २०२४ मध्ये जाहीर केली, ती एप्रिल २०२५ पासून लागू आहे, तेव्हा जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. आणि कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची विहीर येत नाही ना, बघा. ज्यांच्या भरवशावर सायरन लावताय त्यांनाच दुखवायचं नाही.

तुम्ही पाहिलेल्या चार कॅमेऱ्यांच्या वायरवाल्या संचावर माझा मुख्य आक्षेप विजांचा आहे. घराभोवती फिरवलेल्या लांब तारा जवळपास वीज पडली की झटका घेऊन येतात आणि सगळे कॅमेरे एकदम जातात. बिनतारी सेन्सरला ती भीती नाही, राहतो फक्त पॅनेलचा अडॅप्टर.

मेन स्विचचं म्हणाल तर त्यासाठी मात्र एकदा वायरमन बोलवाच. पॅनेलच्या प्लगला वेगळा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) काढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात झटका अडवणारं उपकरण बसवून घ्या. म्हणजे निघताना बाकी सगळं बंद करून तो एक चालू ठेवता येतो. आणि मागच्या दाराला आतून लाकडी अडसर घाला, बाहेर पडा पुढच्या दाराने. त्याला बॅटरी लागत नाही.

माझा सगळा खर्च, पॅनेल, चार दारांचे सेन्सर, एक पीआयआर, बाहेरचा सायरन आणि वायरमन धरून, १२ हजारांच्या आत झाला. बसवायला एक रविवार गेला. संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून सायरन वाजवून दाखवला, बंद कसा करायचा ते काकींना शिकवलं. दोन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, "अरे, तुजें घर बोब मारता!" बाबा कुणाला न सांगता नारळ काढायला गेले होते.

पॅनेलच्या एमसीबीवर मी लाल चिकटपट्टी लावून 'हा बंद करू नये' असं लिहिलंय. बाबा तरी निघताना त्याच्यापाशी थांबतात, चष्मा लावून वाचतात, आणि मग माझ्याकडे वळून विचारतात, "नक्की ना?"